दोन नारळांचं उत्तर

देवकी रागू यांचं पत्र मला १९९४च्या मार्चमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. आता २०३८ संपत आलं आहे. मधल्या काळात मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, वाचनालयाची नवी इमारत झाली, माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतिबिंदू निघाले. पत्र मात्र जिथल्या तिथे होतं, कोकणातल्या गलबतांवरच्या एका जाड पुस्तकात, पान दोनशे बारापाशी.

विसरलो असतो तर निदान एक निमित्त असतं. मी विसरलो नव्हतो.

आमच्या बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांबद्दल मी एका दिवाळी अंकात चार पानांचा लेख लिहिला होता. माझा तेवढाच एक छापील लेख. अंकाची एक प्रत कशी कोण जाणे मॉरिशसला पोचली आणि कास्काव्हेल नावाच्या गावातल्या एका मराठीच्या शिक्षिकेने ती वाचली. वय सव्वीस, असं तिनेच लिहिलं होतं. निळी शाई, आणि प्रत्येक शब्दावर पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ.

तिच्या पणजोबांचं नाव राघो विठू. जहाजावरच्या कारकुनाने माणसाचं नाव आणि बापाचं नाव लिहून घेतलं, गाव लिहिलं नाही. पुढे राघोचं रागू झालं आणि तेच घराण्याचं आडनाव बनलं. तिच्या वडिलांना आपल्या आजोबांकडून तीन गोष्टी कळल्या होत्या. गावचा देव रवळनाथ. देवळाच्या पायरीवर बसलं की खाडी दिसते. देवळामागे चिंच आहे. एवढ्यावरून गाव शोधून आमच्या नावाने देवाला एक नारळ ठेवाल का, असं तिने विचारलं होतं. नारळासाठी त्यांच्याकडची, म्हणजे मॉरिशसच्या चलनातली, शंभर रुपयांची नोट पाकिटात घातली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘नारळ ठेवलात की दोन ओळी कळवा. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते आता रोज पोस्टमनला विचारतील.’

मी शोध घेतला, हे मी स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. दोन वर्षं रविवारी सायकलवरून हिंडलो. रवळनाथ गावोगावी आहे, पण खाडी आणि चिंच धरून अखेर दोन गावं उरली: शेळणे आणि मांडगोळ. आमच्याकडची जुनी माणसं साखरेला मोरस म्हणत, कारण एके काळी ती मॉरिशसहून येई. शेळण्यातल्या एका म्हातारीने सांगितलं, आमच्यातला एक जण मोरसाच्या मुलखात गेला तो परत आला नाही. मला वाटलं, सापडलं. पुढच्या रविवारी मांडगोळच्या एका म्हाताऱ्याने जवळजवळ हीच गोष्ट सांगितली.

दोन्हींतलं एक खरं असणार. पूर्ण खात्री झाल्याशिवाय कसं कळवायचं? चुकीच्या देवापुढे नारळ ठेवला आणि तिकडे एक म्हातारा समाधानाने डोळे मिटून बसला, तर ती फसवणूक नाही का? मी अकरा कच्चे खर्डे लिहिले. प्रत्येकात ‘बहुधा’ हा शब्द आला आणि प्रत्येक वेळी मी कागद बाजूला ठेवला. पुढे उशीर झाल्याची लाज त्यात मिसळली. लाज जुनी झाली की तिला हात लावायलाही भीती वाटते.

यंदा ऑगस्टमध्ये वाचनालयाच्या संगणकावर मॉरिशसमधल्या एका मराठी शाळेचं पान माझ्यासमोर आलं. रविवारी भरणारी छोटी शाळा. खाली लिहिलं होतं, वर्गणी आणि देणग्या देवकी रागू यांच्या नावे पाठवाव्यात. पुढे पैसे पाठवण्याचा पत्ता होता.

त्या हयात होत्या. सत्तर वर्षांच्या असणार.

मला जे सुचलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. पत्र लिहायचं तर चव्वेचाळीस वर्षांचं काहीतरी सांगावं लागलं असतं. पैसे परत केले तर काही बोलावं लागणार नाही. त्या नोटेचे आजच्या भावाने जे होतील त्यांत थोडी भर घालून एक हजार एक रुपये पाठवावेत आणि मोकळं व्हावं, असं मी ठरवलं.

हे किती अवघड जाणार आहे याची मला कल्पना नव्हती.

मी तरुण असताना परदेशी पैसे पाठवणं म्हणजे खरं तर निरोप पाठवणं असे. आपली बँक मुंबईच्या मोठ्या बँकेला सांगे, ती लंडनच्या कुठल्या तरी बँकेला, ती पुढे त्या देशातल्या बँकेला. या बँकांची एकमेकींकडे खाती असत. एकीने इथे वजा करायचं, दुसरीने तिथे जमा करायचं, आणि प्रत्येक हात थोडं थोडं कापून घेई. इथून बेळगावला जाताना तीन ठिकाणी एसटी बदलावी आणि प्रत्येक स्टँडवर चहा घ्यावा, तसा तो प्रवास. चार-चार दिवस लागत. पण त्या दिरंगाईत एक सोय होती. चूक लक्षात आली तर निरोप वाटेत थांबवता येई.

मग देशोदेशींच्या तत्काळ पैसे देण्याच्या व्यवस्था एकमेकींना जोडल्या गेल्या. आता इथलं वजा आणि तिथलं जमा एकाच क्षणी होतं, नाहीतर दोन्ही होत नाही. सगळं तीन सेकंदांत. अडचण एवढीच, की तीन सेकंदांत पश्चात्ताप होत नाही. गेलेला पैसा परत आणता येत नाही, हे भामट्यांना सर्वांत आधी कळलं. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवण्याची सोय झाली, तर त्यांनी नावंही मिळवली. लोक स्वतःच्या हाताने, स्वखुशीने लुटले जाऊ लागले.

यावर उपाय म्हणून सहा वर्षांपूर्वी ‘हेतुजुळणी’ आली. कल्पना साधी आहे. पाठवणाऱ्याने पैसे कशासाठी ते आपल्या शब्दांत लिहायचं. घेणाऱ्याला पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव दिसतं, कारण दिसत नाही. हे पैसे कशासाठी असावेत, ते त्याने आपल्या शब्दांत लिहायचं. दोघांचं लिहिणं एकमेकांना कधीच दाखवत नाहीत. यंत्र शब्द ताडून पाहत नाही, अर्थ ताडून पाहतं. माणसांनी आजवर लिहिलेल्या अफाट मजकुरावरून त्याने अर्थांचा एक नकाशा तयार केला आहे. त्यात प्रत्येक म्हणण्याला एक जागा असते, मग ते कुठल्याही भाषेतलं असो. ‘घरभाडं’ आणि त्याचा फ्रेंच शब्द एका गल्लीत राहतात. ‘उसने’ आणि ‘भेट’ यांच्यामध्ये मोठी नदी आहे. दोन कारणं जवळ पडली तर तीन सेकंदांत पैसे पोचतात. लांब पडली तर ते जागचे हलतच नाहीत.

भामटे खरोखरच कमी झाले. भामटा लिहायचा ‘मालाची किंमत’, आणि फसलेला बिचारा लिहायचा ‘मुलीच्या नोकरीसाठी’. पण घराघरांतून वेगळंच काही बाहेर येऊ लागलं. आमच्या आळीतला आखातात असलेला एक भाऊ घराच्या बांधकामासाठी म्हणून पैसे पाठवी, आणि इकडचा भाऊ लिही, ‘माझा हिस्सा’. ते दोघे आता कोर्टात आहेत. कॅनडातल्या एका मुलाने आईला घरखर्चासाठी पाठवलं; आईने लिहिलं, ‘त्याला माझी आठवण झाली म्हणून’. पैसे अडले. मुलाने फोन करून तिला समजावलं, की घरखर्च असंच लिहायचं. तेव्हापासून ती तसं लिहिते, आणि पैसे दरमहा वेळेवर येतात. पण पूर्वी पैसे आले की ती सांगायला यायची, आता येत नाही, असं माझी पत्नी इंदू म्हणते.

पंचाहत्तरीपुढच्या माणसाला परदेशी पैसे पाठवायचे तर शाखेत जावं लागतं. तिथल्या तृप्ती गिरप या अधिकारी माझ्याच वाचनालयात परीक्षेचा अभ्यास करून बँकेत लागल्या. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मी लिहिलं, ‘परतफेड’. चार तासांनी घरी संदेश आला: कारणे जुळली नाहीत.

मला ते अपेक्षितच असायला हवं होतं. त्यांना काय ठाऊक, कुठली परतफेड? मी विचार केला, की शाळेच्या पानावर पत्ता आहे, म्हणजे अनोळखी माणसाकडून आलेला पैसा त्या देणगीच समजणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा शाखेत गेलो आणि ‘शाळेला देणगी’ असं लिहिलं. मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. पडद्यासमोरून उठून मी पाणी प्यायलो, तृप्तीताईंनी त्यांच्या मुलाच्या दाखल्याचं काही विचारलं, तेवढ्यात उत्तर आलं. नऊ मिनिटांत. कारणे जुळली नाहीत.

तृप्तीताईंनी चष्मा काढला. “काकानू, आता एकच खेप ऱ्हवली. एका म्हयन्यात तीनदा चुकलां तर वाट वर्सभर बंद. आणि तेंच्या खात्यार संशयाचो शिक्को बसतलो. भायरसून येणारे सगळेच पैशे अडतले.”

म्हणजे शाळेची वर्गणीसुद्धा. नियम तसाच होता, कारण लबाडी बहुतेकदा घेणाऱ्याची असे. मी एका बाईंना चव्वेचाळीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं, आणि आता माझ्यामुळे त्यांची शाळा बंद पडण्याची वेळ आली होती.

“तेंका कित्याक पाठवतास, तां तरी तुमका म्हायत आसा मां?” तृप्तीताईंनी विचारलं. कशासाठी पाठवतो ते मला तरी ठाऊक आहे का, या प्रश्नात चेष्टा नव्हती.

मी घरी चालत आलो. वाटेत एक गोष्ट लक्षात आली. मी खरोखर अनोळखी असतो, तर त्यांनी देणगीच लिहिलं असतं, आणि दुसऱ्या खेपेला पैसे गेले असते. ते गेले नाहीत. म्हणजे पडद्यावर ‘वासुदेव आरोलकर’ हे माझं नाव पाहिल्याबरोबर त्यांना ते ओळखता आलं होतं. पहिल्या वेळी त्यांनी चार तास विचार केला. दुसऱ्या वेळी नऊ मिनिटं. त्या फोन हातात घेऊन बसल्या होत्या.

घरी आल्यावर मी पुस्तक काढलं आणि पत्र इंदूपुढे ठेवलं. आमच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, पण हे पत्र मी तिला दाखवलं नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं. नोट उजेडात धरून पाहिली. मी दोन गावांची हकिकत सांगितली, खर्ड्यांबद्दल सांगितलं, खात्री का झाली नाही तेही सांगितलं. इंदू माहेरची सांगलीची, बोलते ती सरळ.

“दोन गावं सापडली होती ना?”

“हो.”

“मग दोन नारळ घ्यायचे.”

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“त्या वेळी नारळ काय महाग होता? तीन-चार रुपये. सायकल तुमचीच. तुम्हांला नारळ ठेवायलासुद्धा संदर्भग्रंथ लागतो.” मग पत्राची घडी घालताना तिचा आवाज खाली आला. “तो म्हातारा रोज पोस्टमनला विचारत राहिला असेल, अहो.”

पुढचे सहा दिवस मी बँकेत गेलो नाही. वहीच्या एका पानावर संभाव्य कारणं लिहीत बसलो: क्षमायाचना, जुनी ठेव, विश्वासाने दिलेली रक्कम. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. इंदूने एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाली, बारावा खर्डा चाललाय वाटतं.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही घावणे खात होतो. माझा फोन वाजला. बँकेचा संदेश होता, पण नेहमीचा नव्हता. ‘देवकी रागू, कास्काव्हेल, मॉरिशस, आपणांस एकशे एक रुपये पाठवू इच्छितात. आपल्या समजुतीप्रमाणे हे पैसे कशासाठी?’

रुपये त्यांच्याकडचे होते. वरचा एक मात्र आपल्याकडच्या रीतीचा.

मी ताट सरकवलं. इंदूला वाचून दाखवलं. घेणाऱ्याच्या जागी आता मी होतो; त्यांनी काय लिहिलं आहे ते मला दिसणार नव्हतं. चोवीस तासांची मुदत होती. सवयीप्रमाणे मी वही ओढली, तशी इंदूने वहीवर हात ठेवला.

“तुम्हांला माहीत आहे,” ती म्हणाली.

मला माहीत होतं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात ‘बहुधा’ आलं नाही. मी एक शब्द लिहिला: नारळ.

एक. दोन. तीन. पैसे जमा झाले.

मला वाटलं होतं, आपण रडू. तसं झालं नाही. मला विलक्षण भीती वाटली. एकाच नारळाचे पैसे मी दोनदा घेतले होते. तिकडे एका बाईने माझी दोन्ही कारणं परत केली होती, आणि राग न धरता मूळ विनंती पुन्हा केली होती. त्यांनी माझ्या कारणांच्या जागी काय लिहिलं असेल, हे मला अजून कळत नव्हतं. पण पुढे काय करायचं ते आता स्पष्ट होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवली आणि बाजारातून शेंडीवाले दोन नारळ घेतले. इंदूचे गुडघे दुखतात, तरी ती आली. म्हणाली, तुम्ही एकटे गेलात तर देवळाच्या भिंतीवरचा शिलालेख वाचत बसाल.

शेळण्याचा रवळनाथ होता तिथेच होता. चिंच अर्धी तुटली होती, पण खाडी पायरीवरून दिसत होती. पूजेला बाबली गुरव नावाचे गृहस्थ होते. वय साठीचं, अंगात बनियन, कानावर चष्म्याची दोरी. मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी माझी अडचणही सांगितली, की हे गाव त्यांचंच आहे याची खात्री नाही, मांडगोळही असू शकतं. म्हणजे हा नारळ कदाचित चुकीच्या ठिकाणी पडेल.

बाबलींनी नारळ हातात घेऊन हलवून पाहिला. “कारण जुळाक नाय म्हणान नारळ परत करूक देव काय बँक आसा?”

इंदू मोठ्याने हसली. देवळात आपण हसलो, म्हणून तिने पदर तोंडावर घेतला, पण हसत राहिली.

बाबलींनी तांदळावर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने केलेलं बोलणं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. होकार भरायला आम्ही दोघं, रिक्षावाला आणि खांद्यावर मासे धरायचं जाळं घेऊन पायरीवर बसलेला एक पागवाला होता.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा. आज हो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा, तो राघो विठूच्या पोराबाळांच्या नावान. तेंका येवक उशीर झालो, तो पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” माझा आवाज सर्वांत मागून निघाला.

“जे गावात आसत तेंका सांभाळ. जे पोटासाठी गावाभायर गेले, समिंदरापलीकडे गेले, जेंची नावां आता आमका ठावक नाय, तेंकाय सांभाळ म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

गाऱ्हाणं संपल्यावर मी विचारलं, हे शेवटचं त्यांच्यासाठी मुद्दाम घातलंत का. बाबली माझ्याकडे बघत राहिले. नाही, म्हणाले, ते नेहमीचंच. दर गाऱ्हाण्यात असतं. त्यांचे वडील म्हणत, आजोबा म्हणत. समुद्रापलीकडे नेमकं कोण गेलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जो गेला तो गेला, त्याचं म्हणून बोलायचं.

मी हिशेब करू लागलो, दीडशे वर्षं, वर्षाला निदान चार-पाच गाऱ्हाणी, आणि मग तो सोडून दिला. मी ज्या माणसाचा पुरावा शोधत होतो, त्याच्यासाठी या देवळात न चुकता बोललं जात होतं. मी कागद शोधले, म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, पण दोन वर्षांत एकदाही देवळात उभा राहून गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं.

बाबलींनी नारळ फोडला. एक भकल देवापुढे ठेवलं, दुसरं माझ्या हातात दिलं. अर्धा नारळ देवाला, अर्धा प्रसाद म्हणून परत, ही रीत मला जन्मापासून ठाऊक आहे. त्या दिवशी ते ओलं भकल हातात आलं आणि मला कळलं, देवकीबाईंनी काय लिहिलं असेल. त्यांनी नारळ पाठवला होता. इकडून जे येईल ते प्रसादच असणार. माझ्याकडून पैसे येताहेत हे पाहून त्यांनी चार तास विश्वास ठेवावा की नाही असा विचार केला असेल, आणि मग तो शब्द लिहिला असेल. दुसऱ्या वेळीही तोच. त्यांना वाटलं असेल, की नारळ केव्हाच ठेवला गेला आहे. दोनदा जुळलं नाही तेव्हा तो राहिलाच असल्याचं कळून त्यांनी नारळाचे पैसे पुन्हा पाठवले असतील.

आणि मी तेव्हा ‘परतफेड’ लिहीत होतो.

मांडगोळला आम्ही दुपारी पोचलो. तिथले गुरव घाईत होते, गाऱ्हाणं छोटं झालं, पण समुद्रापलीकडची माणसं त्यातही होती. दुसरं भकल मिळालं. परतताना रिक्षात इंदूच्या मांडीवर दोन भकलं होती, दोन देवांची. आणि ती म्हणाली, की त्या बाईंना आता एका गावाऐवजी दोन गावं मिळाली, त्यात कुणाचं काय बिघडलं?

ती भकलं सुकवून पाकिटातून पाठवावीत असं मला वाटलं होतं. पोस्टातल्या बाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. खायचा जिन्नस तिकडे बंदरावरच काढून टाकतात. इंदूने मग त्यांच्या वड्या केल्या. शाखेत तृप्तीताईंना दिल्या, रिक्षावाल्याला दिल्या, आणि पोस्टातल्या बाईंनाही, नाही म्हटल्याबद्दल.

उत्तर मी एका बैठकीत लिहिलं. दोन्ही गावांची नावं लिहिली, कोणतं खरं ते मला ठाऊक नाही हेही लिहिलं, आणि ‘बहुधा’ हा शब्द जिथे आला तिथे राहू दिला. त्यांच्या वडिलांबद्दल लिहिताना हात थांबला. ते आता नसणार. नारळ त्यांच्या हयातीत ठेवला गेला नाही, तो मी ठेवायला हवा होता, मी ठेवला नाही, एवढं सरळ लिहिलं. गाऱ्हाण्यातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि लिहिलं, की तुमच्या पणजोबांचं नाव कुणाला माहीत नसतानाही ते त्यांच्यासाठी म्हटलं जात होतं. शेवटचा भाग असा होता:

‘आपली जुनी नोट मी परत करत नाही. ती पुस्तकात आहे, पान दोनशे बारा, आणि माझ्यानंतर इंदूला ठाऊक आहे. महिना उलटला की मी तिसऱ्यांदा पैसे पाठवीन. मी काय लिहिणार ते आधीच सांगून ठेवतो. प्रसाद. मागच्या दोन्ही वेळी आपण हेच लिहिलं होतं का, ते कळवावं. चुकत असेन तर तसंही कळवावं. आता मी उत्तर देईन.’

इंदूने पत्र वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, हे मी साक्षीदार म्हणून लक्षात ठेवते.

पोस्टातल्या बाईंनी सांगितलं, परदेशी टपाल आता आठवड्यातून एकदाच जातं, बुधवारी. पोचायला तीन आठवडे लागतील. त्यांनी मला समजावलं, की हाच मजकूर फोनवरून पाठवलात तर क्षणात जाईल. मी म्हटलं, माहीत आहे, पण त्यांच्या घरी कुणीतरी पोस्टमनला विचारत होतं.

तिकिटं चिकटवली. बाहेर पेटीपाशी आलो. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि पत्ता पुन्हा एकदा तपासावा असं वाटलं.

“तपासलाय मी,” इंदू म्हणाली.

मी पाकीट सोडलं.